कचरा डेपोवर बाग की बाजार? आधी खाली काय चाललंय ते बघा

कचरा डेपो बंद झाला की शहरात दोन मागण्या लगेच येतात. तिथे बाग करा, नाहीतर दुकानांचे गाळे काढा. संशोधनाचा विषय शोधणारे विद्यार्थीही बहुतेकदा इथूनच सुरुवात करतात, म्हणजे ‘वर काय करायचं’ इथून. पण पहिला प्रश्न असायला हवा: खाली अजून काय चालू आहे?

चंद्रपूरकरांना हा फरक लवकर कळेल. कोळसा खाणींशेजारचे दगडमातीचे ढिगारे आपण नेहमी बघतो. ते घरच्या कचऱ्यासारखे कुजत नाहीत. तिथली अडचण म्हणजे धूप आणि कस नसलेली माती. डेपोतला ओला कचरा मात्र मातीखाली दबला तरी कुजतच राहतो. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि वायू तयार होतो: साधारण निम्मा मिथेन, निम्मा कार्बन डायऑक्साइड, शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड. फाटकाला कुलूप लागलं म्हणून हे थांबत नाही, कित्येक वर्षं चालतं. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. कचरा आकसतो तशी जमीनही कमीजास्त खचते.

आता मुंबईतली दोन उदाहरणं घेऊ. धारावीलगत, मिठी नदीच्या काठावरचा डेपो 1977 मध्ये बंद झाला. 1983 पासून तिथे झाडं लावली गेली आणि 1994 मध्ये सुमारे 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं. दुसरीकडे, मालाडला जुन्या डेपोच्या जागेवर माइंडस्पेस हा कार्यालयांचा परिसर उभा राहिला. तिथे संगणकांचे भाग गंजत असल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आणि संशय जमिनीतून येणाऱ्या वायूंवर गेला.

यामागचं रसायनशास्त्र सोपं आहे. हायड्रोजन सल्फाइड तांब्यावर कॉपर सल्फाइडचा काळा थर चढवतो. उघड्यावर हा वायू वाऱ्याने विरळ होतो. बंद, वातानुकूलित इमारतीत तो शिरला तर साठतो. आणि त्याच हवेत माणसंही रोज आठ-दहा तास बसतात.

म्हणून बाग आपोआप सुरक्षित ठरते असंही नाही. मिथेन मुळांजवळचा ऑक्सिजन हटवतो, त्यामुळे भरपूर पाणी देऊनही रोप मरू शकतं. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपून काळं, दूषित होतं आणि विहिरीपर्यंत पोचू शकतं.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 याबाबत स्पष्ट होते. बंद केलेल्या भरावावर 15 वर्षं देखरेख ठेवायची. त्यानंतर वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता मानकांत बसली, तरच वस्ती किंवा इतर वापराचा विचार करायचा. दुसरा मार्ग बायोमायनिंगचा. जुना कचरा उकरून, चाळून, माती, प्लास्टिक, दगड वेगळे करायचे आणि जागा मोकळी करायची.

आपल्या भागात करण्यासारखं काम भरपूर आहे. डेपो झाकायला काळी माती वापरली तर मे महिन्याच्या उन्हात तिला भेगा पडतात. त्या भेगांतून वायू किती बाहेर येतो? पहिल्या पावसाचं पाणी किती आत जातं? भेगा पडू नयेत म्हणून मातीत काय मिसळावं? यातल्या एकेका प्रश्नावर प्रबंध होऊ शकतो.

प्रस्ताव लिहिताना एक काळजी घ्या. एका दिवसाच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नका. हवेचा दाब उतरला की जमिनीतून वायू जास्त सुटतो, चढला की कमी. त्यामुळे तिन्ही ऋतूंत मोजा, प्रत्येक वेळी हवेचा दाब नोंदवा, आणि डेपोच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांच्या विहिरींचं पाणी तपासा. बागेचा नकाशा त्यानंतर काढता येईल.