ॲप म्हणतं हवा 'समाधानकारक', मग सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर घसा का खवखवतो?

सकाळी साडेनऊची वेळ. मीरा रोड पूर्वेला सिल्व्हर पार्कच्या सिग्नलवर गाड्यांची रांग लागलेली असते. कोणी रिक्षा शोधतंय, कोणी तोंडावर रुमाल धरून रस्ता ओलांडतंय, कोणी मुलाला शाळेत सोडायला निघालंय. मोबाईलवर हवेचा आकडा पाहिला, तर तो हिरव्या रंगात 'समाधानकारक' असा दिसतो. पण डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो.

मग चूक कोणाची? ॲपची की घशाची?

खरं तर दोघांचीही नाही. ॲप सांगतं ती परिसराची हवा आणि घशाला लागते ती त्या नाक्यावरची हवा. या दोन्हींमध्ये बराच फरक असू शकतो. प्रदूषणाच्या संशोधनात या फरकाला फार महत्त्व आहे.

एक्यूआय नेमका काय मोजतो?

एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. भारतात तो २०१५ पासून वापरात आहे. धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साईड, नायट्रोजन डायऑक्साईड अशा आठ प्रदूषकांचा त्यात विचार होतो. ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सगळ्यात जास्त, तोच त्या ठिकाणचा एक्यूआय.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे, धूलिकणांचा अधिकृत आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. म्हणजे पहाटे तीनची शांत हवा आणि सकाळी साडेनऊचा धूर एकाच आकड्यात मिसळतात. तुम्ही मात्र नाक्यावर पहाटे तीनला नाही, साडेनऊला उभे असता.

दुसरी म्हणजे, हे यंत्र तुमच्या नाकासमोर नसतं. ते एखाद्या इमारतीवर किंवा मोकळ्या जागी, जमिनीपासून काही मीटर उंचीवर बसवलेलं असतं. आसपासच्या मोठ्या भागाची हवा कशी आहे हे कळावं, हाच त्यामागचा हेतू असतो.

'समाधानकारक' म्हणजे किती?

५१ ते १०० या एक्यूआयला 'समाधानकारक' म्हणतात. आता पीएम २.५ चं उदाहरण घेऊ. हे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. एक्यूआय १०० असतो तेव्हा एक घनमीटर हवेत हे कण ६० मायक्रोग्रॅम असू शकतात. भारताने २००९ मध्ये ठरवलेली २४ तासांची मर्यादाही तेवढीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मात्र हीच पातळी १५ असावी असं सुचवलं. म्हणजे आपल्याकडची 'समाधानकारक' हवा या शिफारशीच्या चौपट प्रदूषित असू शकते.

हे कण शरीरात काय करतात?

मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. शिंक येते, खोकला येतो आणि ती बाहेर पडते. पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरू शकतात. त्यामुळे शरीरात दाह होतो, रक्तवाहिन्यांना इजा होते आणि रक्त गोठण्याची शक्यता वाढते. म्हणूनच प्रदूषण हा फक्त दम्याचा विषय राहत नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताशीही त्याचा संबंध आहे.

हे एका रात्रीत कळलेलं नाही. अमेरिकेतल्या सहा शहरांमध्ये ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं पाठपुरावा झाला आणि १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण २६ टक्के जास्त होतं, तेही धूम्रपानासारखी इतर कारणं विचारात घेतल्यानंतर. पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेतलं प्रदूषण कर्करोगाला कारणीभूत असल्याचं जाहीर केलं.

मुंबईलाही हा विषय नवा नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच मुंबईच्या कमी-अधिक प्रदूषित भागांतल्या रहिवाशांची ग्रामीण भागातल्या लोकांशी तुलना सुरू केली होती. प्रदूषित भागांत खोकला आणि धाप लागण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. तेव्हा काळजी गिरण्या आणि कारखान्यांच्या धुराची होती. आज त्यात वाहनं, बांधकामं आणि रस्त्यावरची धूळ यांची भर पडली आहे.

नाक्यावरच जास्त त्रास का?

गाडी सिग्नलवर थांबते, पुन्हा वेग घेते, ब्रेक लावते. या सगळ्यात सुरळीत चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त धूर आणि कण बाहेर पडतात. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ वेगळीच. त्यात दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या आणि डोक्यावर पूल असला, की वारा खेळत नाही. मीरा-भाईंदर रोडवर दहिसर-मीरा भाईंदर मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल उभे राहिलेले रहिवाशांनी पाहिले आहेत. या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं. काम चालू असतानाची उघडी माती आणि सिमेंट प्रत्येक टायरखाली पुन्हा पुन्हा हवेत उडतं.

हिवाळ्यात यात हवामानाची भर पडते. समुद्रावरून येणारा वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि धूर तिथेच साचतो.

रस्त्याजवळ राहण्याचा परिणाम किती, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तपासलं. साडेतीन हजारांहून जास्त मुलांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. मोठ्या महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी होती. शहराची एकूण हवा बरी असली तरी हा फरक दिसत होता.

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिचं घर वर्दळीच्या रस्त्याजवळ होतं. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमधली ही अशी पहिली नोंद.

मग तुमच्या शरीरात नेमकं किती जातं?

हिशोब सोपा आहे. हवेत किती कण, तुम्ही तिथे किती वेळ आणि श्वास किती जोरात, या तिन्हींचा गुणाकार. आरामात बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. धावताना हेच प्रमाण अनेक पटींनी वाढतं. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, शिवाय त्यांचं नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ असतं.

म्हणूनच एकाच नाक्यावर सगळ्यांचा धोका सारखा नसतो. एसी गाडीतून दोन मिनिटांत निघून जाणारा, २० मिनिटं रिक्षाची वाट पाहणारा आणि दिवसभर तिथेच उभा असणारा वाहतूक पोलीस किंवा फेरीवाला, या तिघांसाठी ॲपवरचा आकडा एकच. शरीरात जाणारी मात्रा मात्र वेगवेगळी.

घराची दारं बंद केली की सुटका होते असंही नाही. एक मच्छर अगरबत्ती जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे पीएम २.५ कण बाहेर पडतात, असं २००३ मधल्या एका संशोधनात आढळलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके तपासले, तेव्हा सर्वांत जास्त बारीक कण सोडणारा फटाका निघाला नागगोळी. आवाज न करणारी आणि लहान मुलांच्या हातात हमखास दिली जाणारी.

तुम्ही काय करू शकता?

• रिक्षा किंवा बसची वाट पाहताना रस्त्याच्या कडेपासून शक्य तितकं मागे उभं राहा. मागचा शांत रस्ता असेल तर तिथून चाला.
• सकाळचं चालणं-धावणं मुख्य रस्त्यावर नको, बागेत किंवा सोसायटीच्या आवारात करा. व्यायाम मात्र सोडू नका.
• गर्दीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा, मागच्या बाजूच्या उघडा. फोडणी-तळण करताना एक्झॉस्ट पंखा लावा.
• कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरा.
• रुमालाने पीएम २.५ अडत नाहीत. नीट बसलेला एन-९५ मास्क अडवतो, पण विषारी वायू अडवत नाही.
• दमा किंवा हृदयविकार असेल तर औषधं स्वतःहून बंद करू नका. छातीत दुखलं, धाप लागली तर थेट डॉक्टरांकडे जा.

पण फेरीवाल्याने मागे कुठे सरकायचं? पोलिसाने सिग्नल सोडून कुठे जायचं? त्यांच्यासाठी उपाय एकच, तो म्हणजे धूळ आणि धूर जिथे तयार होतो तिथेच थांबवणं. राडारोडा झाकून नेणं, बांधकामाला आडोसा आणि पाणी मारणं, रस्त्याच्या कडेची माती उचलणं, कचरा न जाळणं. हे होत नसेल तर जागा, वेळ आणि फोटो देऊन महापालिकेकडे तक्रार करता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरही तक्रारीची सोय आहे.

याचा उपयोग होतो का? होतो. कॅलिफोर्नियातल्या त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये पुढचा निष्कर्ष मांडला. तिथली हवा जसजशी सुधारली, तसतशी नंतरच्या मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली. हा बदल दम्याच्या मुलांमध्ये दिसला आणि दमा नसलेल्या मुलांमध्येही.