परिघीय साधनांचे शक्ति-व्यवस्थापन, संगणकाच्या

संगणकाला जोडलेला दर्शक पडदा, मुद्रक, कळफलक, माऊस, बाह्य चकती इ. परिघीय साधने वापरात नसताना त्यांचा विद्युत् पुरवठा कमी वा बंद करणे व गरज पडताच त्यांना पुन्हा कार्यक्षम करणे, या नियंत्रणास शक्ति-व्यवस्थापन म्हणतात. साधन काम करीत नसले, तरी ते विद्युत् शक्ती घेतच असते. हा व्यय टाळणे हा त्याचा मुख्य हेतू होय.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने हे नियंत्रण संगणकाच्या परिचालन प्रणालीकडे सोपविले. त्यानुसार साधनाच्या डी-० (पूर्ण कार्यरत) ते डी-३ (जवळजवळ वा पूर्णतः बंद) अशा अवस्था मानतात. निद्रा जितकी गाढ, तितकी शक्तीची बचत अधिक. परंतु जागे होण्यास वेळही अधिक लागतो. लेसर मुद्रकात भुकटीरूप शाई उष्णतेने कागदावर पक्की केली जाते. निद्रावस्थेत त्याचा तापक बंद राहतो. म्हणून पहिली प्रत निघण्यापूर्वी तो पुन्हा तापेपर्यंत थांबावे लागते.

यूएसबी २·० या जोडणीतून साधनाला ५ व्होल्ट दाबाने कमाल ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळू शकतो. जोडणीवर ३ मिलिसेकंद कोणतीही हालचाल नसल्यास साधनाने स्थगित अवस्थेत जावे व अत्यल्प प्रवाह घ्यावा, असा नियम आहे. कळ दाबताच कळफलक संगणकाला जागे होण्याचा संकेत पाठवू शकतो. बाह्य चकतीचा पुरवठा तोडण्यापूर्वी मात्र तिच्यावरील लेखन पूर्ण व्हावे लागते. अन्यथा माहिती नष्ट होण्याचा संभव असतो.

जेथे वीजपुरवठा खंडित होतो, तेथे या विषयाला विशेष महत्त्व येते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दररोज अनेक तास भारनियमन होत असे. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र पाणीटंचाईमुळे २०१३ व २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते. याच जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरासारख्या ग्रामीण भागात वीज गेल्यावर सातबारा उतारा वा दाखला देणाऱ्या केंद्राचे काम इन्व्हर्टरच्या बॅटरीवरच अवलंबून असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सु. १,८०० वॉट-तास ऊर्जा साठते. प्रत्यक्षात उपयोगी पडणारी ऊर्जा त्याहून कमी असते. २० वॉटचा पडदा ६ तास निष्कारण चालू राहिल्यास १२० वॉट-तास, म्हणजे साठ्याचा पंधरावा हिस्सा, वाया जातो. निद्रावस्थेत तो अर्धा वॉट घेत असल्यास तेवढ्याच वेळात केवळ ३ वॉट-तास लागतात. लेसर मुद्रकाचा तापक एकदम शेकडो वॉट घेत असल्याने तो लहान इन्व्हर्टरवर चालविता येत नाही. तेथे ठिपका-मुद्रक वा शाईफवारा मुद्रक सोयीचा ठरतो.

निद्रावस्थेतही थोडी शक्ती खर्च होतच असते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर साधनांचा पुरवठा भिंतीवरील बटनानेच बंद करणे इष्ट होय.