गिझरची पिन का जळते?

गिझरच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीत कामाचे आकडे दोनच: २३० व्होल्ट आणि २००० वॉट. करंट किती ओढणार, आतल्या कॉइलचा रोध किती, हे तिथे बहुधा लिहिलेलं नसतं. ते आपण काढायचं. वॉटला व्होल्टने भागलं की ८.७ अँपिअर. मग व्होल्टला त्या अँपिअरने भागलं की साधारण साडेसव्वीस ओहम. सहा अँपिअरच्या सॉकेटवर गिझर का चालवायचा नाही, याचं उत्तर पहिल्याच भागाकारात मिळालं.

आता व्होल्टेज उतरून १८० वर आलं असं धरा. कॉइल तीच, त्यामुळे करंट ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती उरते जेमतेम सव्वाबाराशे वॉट. दाब, म्हणजे व्होल्टेज, घटला २२ टक्के, उष्णता मात्र ३९ टक्के. शक्ती म्हणजे दाब आणि करंट यांचा गुणाकार, आणि इथे दोघेही एकदम उतरले. पाणी तापायला उशीर लागतो तो यामुळे. गिझर धडधाकट असतो.

दाब, करंट आणि रोध यांचं हे नातं गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडलं. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे जोडून एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला आणि त्यातून स्थिर दाब मिळवला. पुढे १८४१ मध्ये इंग्लंडच्या जूलने दाखवलं, की तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा वर्ग महागात पडतो तो सॉकेटमध्ये. आतली पितळी पात सैल पडली, पिनेवर काजळी धरली, की तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार होतो. कॉइलच्या साडेसव्वीसपुढे अर्धा म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण या वाढीव रोधामुळे करंट साडेआठ अँपिअरवर आला तरी त्याचा वर्ग बहात्तर, त्याचा अर्धा ३६ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री एवढ्याच ताकदीची असते, आणि इथे ती प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली. आधी वास येतो, मग भोकाभोवती तपकिरी कडं उमटतं. तापून पात आणखी ढिली होते, रोध आणखी वाढतो.

नुसतं टेस्टर लावून हे कळत नाही. त्याचा दिवा सैल सॉकेटमध्येही झकास पेटतो. मुरलेला वायरमन गिझर चालू ठेवूनच तपासतो. करंट मोजायला टाँग टेस्टरचा जबडा एकाच वायरभोवती घालायचा. अख्खी केबल आत घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य दिसतो. मग मल्टिमीटरने आधी बोर्डाकडचा आणि नंतर गिझरच्या टोकाचा दाब मोजायचा. समजा, मधे सव्वाचार व्होल्ट गळाले. त्यांना साडेआठने भागलं की तोच अर्धा ओहम हाती लागतो. (हे काम त्यालाच करू द्यावं.)

पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर यांना मात्र हा सरळ भागाकार लावू नये. त्यांत पॉवर फॅक्टर आडवा येतो, आणि दाब उतरला की विहिरीवरची मोटर उलट जास्त करंट ओढून जळते.

जळकी पिन बदलताना सॉकेटही बदलून घ्यावं. जुन्या सॉकेटची ढिली पात नवी पिनही तशीच जाळते.