चषकावरची अक्षरे घासू नका

वसाहतकाळातल्या घोड्यांच्या शर्यतींचे चांदीचे चषक आज विकले जातात ते वजनावर, फार तर घडणीवर. माझ्या मते त्यांचे खरे मोल पोटावर कोरलेल्या चार ओळींत आहे. इंग्लंडमध्ये चांदीचा कस तपासून सिंहाचा ठसा आणि सालाचे अक्षर मारण्याची कायद्याची चौकट होती. हिंदुस्थानात तशी सक्ती नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर या पेढ्या स्वतःचेच शिक्के मारत. त्यांवरून पेढी ओळखू येते, साल मात्र बहुधा हाती लागत नाही. ते सांगते कोरीवकाम : शर्यतीचे नाव, वर्ष, घोडा, मालक. घोड्याची जात दिली असेल तर आणखी उलगडा होतो. अरब घोडे इराणच्या आखातातून मुंबई बंदरात उतरत, ‘वेलर’ ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधून येत. १८०२ साली टर्फ क्लब स्थापन झालेल्या आणि १८८३ मध्ये भायखळ्याहून महालक्ष्मीला शर्यती नेणाऱ्या मुंबईचा समुद्री व्यापारही अशा एखाद्या ओळीत दिसतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तयार चषक दुकानातून उचलून त्यावर नंतर नाव घालता येई. मग ते वर्ष घडणीचे कसे मानायचे? मानू नयेच. पण मजकूर अस्सल असेल तर चषक त्या वर्षानंतरचा नाही, एवढे पक्के होते, आणि सालाविना पडलेल्या शिक्क्यांना तेवढा आधारही मोठा आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा : ही अक्षरे साहेबांची आणि संस्थानिकांची मिरवणूक आहेत, पहाटे खरारा करणाऱ्या मोतद्दाराचे, चांदी ठोकून उठाव काढणाऱ्या कारागिराचे नाव त्यांत सहसा नसते. हे खरेच आहे, आणि म्हणूनच ती जपली पाहिजेत. कोणाला वगळले, याचा पुरावाही त्याच ओळींत आहे.

तरीही नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून विक्रेते जुनी नावे घासून काढतात. ठोकून काढलेल्या नक्षीत धातू फक्त सरकतो, कोरताना मात्र तो निघून जातो. त्यामुळे अक्षर घालवायचे तर खाचेच्या तळापर्यंत भोवतालची चांदीही उतरवावी लागते. तिथला पत्रा बोटांना पातळ लागतो, आणि त्यावर फुंकर घातली की वाफेत पुसलेल्या जागेचा डाग कधीकधी उमटतो. जोरकस पॉलिश तेच काम हळूहळू करते. संग्राहकांनी आणि क्लबांनी आधी अक्षरांचे व तळाच्या शिक्क्यांचे तिरप्या प्रकाशात फोटो काढावेत, लकाकीचा विचार त्यानंतर.