स्कॉच आणि बर्बन : एका रसिकाचे अनुभव

मद्याविषयीं बोलूं लागणाऱ्या माणसाकडे आपले लोक दोन प्रकारें पाहतात. कांहीं त्याला व्यसनी समजतात, तर कांहीं शौकीन धनिक. मी या दोहोंपैकीं कोणीच नाहीं. महाराष्ट्रांत 1949 सालच्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें मद्य बाळगावयास व प्यावयास परवाना लागतो. तो माझ्या खिशांत असतो. आठवड्यांतून एकदां, जेवणापूर्वीं, एक लहान पेला, एवढाच माझा नेम. परंतु त्या पेल्यांतील वास ओळखण्यांत आणि तो आला कोठून याचा शोध घेण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं आहेत. या शोधांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती अखेरीस सांगेन.

'व्हिस्की' हा शब्द मूळचा गेलिक भाषेंतील असून त्याचा अर्थ 'जीवनाचें पाणी' असा आहे. 1494-95 सालच्या स्कॉटलंडच्या राजकोषाच्या हिशेबांत, जॉन कॉर नांवाच्या एका मठवासी साधूला असें पाणी तयार करण्यासाठीं आठ मापें माल्ट दिल्याची नोंद सांपडते. स्कॉच व बर्बन या दोघी त्या एकाच घराण्यांतल्या. इंग्रजींत लिहितांना अमेरिकन लोक बहुधा या शब्दांत एक अक्षर अधिक घालतात. आपल्या देवनागरीनें मात्र तो भेद ठेवलेला नाहीं. भेद आहे तो धान्यांत, हवेंत आणि लांकडांत.

प्रथम स्कॉच घेऊं. 2009 सालच्या ब्रिटिश नियमांप्रमाणें ती स्कॉटलंडमध्येंच गाळली व मुरविली गेली पाहिजे. 700 लिटरांहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षें राहिली पाहिजे. आणि बाटलींतील मद्यार्काचें प्रमाण 40 टक्क्यांहून कमी असतां कामा नये. पाणी आणि रंगापुरतें साधें कॅरमेल यांखेरीज तींत कांहीं मिसळतां येत नाहीं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यांत, केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली. आपण मटकीला आणतों तसेच हे मोड. त्यांनीं दाण्यांतील पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें जागीं होतात. मग दाणे वाळवितात, भरडतात, गरम पाण्यांत भिजवून त्यांचा गोड रस काढतात, तो यीस्टनें आंबवितात आणि तांब्याच्या मोठ्या पात्रांत बहुधा दोन वेळां गाळतात.

हे दाणे वाळवितांना कांहीं ठिकाणीं पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें दडपून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. तिचा धूर जवांत शिरतो तो पेल्यापर्यंत टिकतो. आयला नांवाच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लॅफ्रॉइग आणि लॅगावुलिन हे दोन कारखाने शेजारीं शेजारीं आहेत. लॅफ्रॉइगची बाटली मीं प्रथम उघडली तेव्हां लहानपणींचा दवाखानाच डोळ्यांपुढें उभा राहिला! टिंक्चर आयोडिनचा तोच वास, त्याच्या मागें समुद्राचा खारेपणा. पहिला घोट मला आवडला नाहीं. तिसऱ्या बैठकीला मी तिचा चाहता झालों. लॅगावुलिन हिच्याहून शांत. होळीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं राखेंत जी ऊब आणि जो मंद वास उरतो तो तिच्यांत आहे, आणि तळाशीं गुळासारखी गोडी. उलट ग्लेनलिव्हेटच्या बाटलींत धुराचा मागमूसही नाहीं. तींत हिरवें सफरचंद, नासपती आणि थोडा मध. 1823 च्या कायद्यानें परवान्याची वाट सुकर केल्यावर, 1824 सालीं या खोऱ्यांतील जॉर्ज स्मिथनें रीतसर परवाना काढला. तोंवर डोंगराळ भागांत चोरून गाळणाऱ्यांचेंच राज्य होतें.

आतां बर्बन. तिचे नियम अधिक कडक आहेत असें म्हटल्यास स्कॉचप्रेमी रागावतील, पण तें खरें आहे. ती अमेरिकेंतच झाली पाहिजे. धान्यांत किमान 51 टक्के मका हवा. आणि ती मुरवावयाची तें ओकचें भांडें अगदीं नवें व आंतून जाळून कोळसा केलेलें हवें. रंग किंवा स्वाद यांचा एक थेंबही तींत घालतां येत नाहीं. 1964 सालीं अमेरिकन काँग्रेसनें तिला आपल्या देशाचें वैशिष्ट्यपूर्ण पेय म्हणून मान्यता दिली. मक्याच्या जोडीला बहुधा राय नांवाचें धान्य असतें, तें तिखटपणा देतें. वाइल्ड टर्कीच्या 101 अंकाच्या बाटलींत तो जिभेच्या टोकाला चांगलाच जाणवतो. हा अंक अमेरिकन मापाचा. त्याच्या निम्मे, म्हणजे 50.5 टक्के मद्यार्क. मेकर्स मार्कमध्यें रायऐवजीं गहू घालतात, म्हणून लाल मेणांत बुडविलेली ती बाटली स्वभावानें मऊ. काकवी, भाजलेलें खोबरें आणि व्हॅनिला असा तिचा सुवास. यांतील व्हॅनिला बाहेरून आलेला नसतो. ओकचें लांकूड तापलें व जळलें म्हणजे त्यांतून तें द्रव्य मोकळें होतें, आणि मुरणारें मद्य तें शोषून घेतें.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, बर्बनचे कट्टर अभिमानी होते. व्यापारी जहाजावर अभियंता असल्यानें बंदरोबंदरच्या बाटल्या त्यांनीं पाहिलेल्या. मी स्कॉचचा पक्षपाती. आमचा वाद रंगला कीं ते हंसून म्हणत, "अरे, तुझी स्कॉच आमच्या बर्बनचे उतरलेले कपडे घालते!" तें अक्षरशः खरें होतें. बर्बनला प्रत्येक वेळीं नवें पिंप लागतें, तेव्हां एकदां वापरलेल्या पिंपाचें करावयाचें काय? तीं पिंपें स्कॉटलंडला जातात, आणि आज स्कॉचचा फार मोठा भाग त्यांतच मुरतो. पहिल्या मुरणानें लांकडाचा तीव्रपणा निघून गेलेला असतो. उरलेला सौम्य गुण स्कॉचला मानवतो. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगाला असाच बसतो, आणि लहानपणीं दादांचे सदरे मीं पुष्कळ वापरले होते.

मुरण्याची गति ठरते ती हवेवर. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत दरसाल सुमारे दोन टक्के मद्य लांकडांतून उडून जातें. तेथील लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तेथें मद्यार्क पाण्याहून अधिक उडतो, म्हणून तेज हळूहळू उतरतें. केंटकींत उन्हाळा कडक, हिवाळाही कडक. उंच गोदामांच्या वरच्या मजल्यांवर पाणीच अधिक उडतें आणि तेज चढतें. आपल्या गोव्यांत केलेली सिंगल माल्ट 2012 पासून पॉल जॉन या नांवानें बाजारांत आहे. तेथें देवदूतांची तहान स्कॉटलंडच्या कित्येक पट मोठी. म्हणून उष्ण देशांतील पांचसहा वर्षांची व्हिस्की थंड देशांतील बारा वर्षांच्या व्हिस्कीशेजारीं बिचकत नाहीं. स्कॉचच्या बाटलीवरील वय हें तींतील सर्वांत तरुण अंशाचें असतें. तें लांकडांतला काळ सांगतें. गुणाची हमी देत नाहीं. आणि गडद रंगावरूनही स्कॉचचें वय ओळखूं नये, कारण तो कॅरमेलचा असूं शकतो.

आतां माझी चूक. 2008 सालीं दादांनीं मला सोळा वर्षांची लॅगावुलिन आणून दिली. वादांत हरल्याची ती खंडणी, असें ते म्हणाले. माझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशीं दोघांनीं मिळून ती उघडावयाची असें ठरलें. मीं ती कपाटांत आडवी निजवून ठेवली, कारण द्राक्षाच्या वाइनच्या बाटल्या तशा ठेवलेल्या मीं पाहिल्या होत्या. दरवर्षीं मनाशीं हिशेब करीत असें: आतां ती वीस वर्षांची झाली, आतां पंचवीस. मध्यंतरीं दादा कितीदां तरी घरीं आले, "उघडूं या का रे आज?" असें दोनदां तरी म्हणाले. मी म्हणालों, "थांबा दादा, ती अजून वाढते आहे." 2019 सालीं दादा गेले. 2021 सालीं मी निवृत्त झालों.

त्या संध्याकाळीं दादांचा मुलगा आला होता. मीं बूच फिरवतांच त्याचा भुगा झाला. वाइनपेक्षां व्हिस्कीचें तेज फार मोठें. तिचा सततचा स्पर्श बुचाला खाऊन टाकतो. म्हणून व्हिस्कीची बाटली नेहमीं उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. स्वच्छ फडक्यांतून गाळून आम्ही दोन पेले भरले. पुतण्यानें विचारलें, "काका, ही आतां एकोणतीस वर्षांची ना?" उत्तर द्यावयास मला जड गेलें. वय वाढतें तें पिंपांत, लांकूड आणि हवा यांच्या सहवासांत. कांचेच्या बाटलींत व्हिस्की वाढत नाहीं. 2008 सालीं दादांनीं हातांत ठेवली तेव्हां ती सोळांची होती, आणि तेरा वर्षांनीं, दादा नसतांना, सोळांचीच होती. त्या तेरा वर्षांत वाढलों तो मी आणि वाढले ते दादा.

ती चव बिघडली नव्हती. राखेची ऊब आणि गुळाची गोडी तशीच होती. आम्ही थोडें पाणी घातलें. पाण्यानें मद्यार्काची आंच उतरते आणि सुगंध वर येतो. 2017 सालीं स्वीडनमधील दोन संशोधकांनीं गणितानें दाखविलें कीं, पाणी मिसळलें असतां धुराचा स्वाद देणारें ग्वायकॉल हें द्रव्य पृष्ठभागाकडे जमतें. पुतण्यानें वास घेतला आणि म्हणाला, "बाबांना बर्बनच आवडली असती." मलाही तसेंच वाटलें.

तेव्हां श्रोतेहो, ज्यांना हा छंद आहे त्यांना माझें सांगणें थोडेंच आहे. कमी प्या, सावकाश प्या, भरल्या घरीं प्या. बाटली उभी ठेवा. उघडल्यावर निम्म्याहून खालीं गेली कीं फार महिने रेंगाळूं देऊं नका, कारण आंत शिरलेली हवा तिची धार बोथट करते. आणि कोणाच्या सोबतीसाठीं एखादी बाटली राखून ठेवली असेल, तर तो माणूस येईल त्या पहिल्या संध्याकाळीं ती उघडा.