एका ठिपक्याची चूक

क्ष-किरण म्हटले की मोडलेल्या हाडाची फिल्म आठवते. आमच्या प्रयोगशाळेत हाड नसते. असतो मिठाच्या कणाएवढा प्रथिनाचा स्फटिक. तो किरणांसमोर थोडा थोडा फिरवत शेकडो चित्रे घ्यायची. प्रत्येक चित्रात नुसते काळे ठिपके. कोणता ठिपका किती गडद, यावरून रेणूतील अणूंच्या जागा काढायच्या.

संगणक प्रत्येक ठिपक्याला तीन पूर्णांकांचा पत्ता देतो. मोजणी सुरू होते ती मूळ किरण जिथे पडला असता त्या मध्यापासून. पण तो किरण वाटेतच अडवलेला असतो. म्हणून मध्य कुठे, ते आकड्याने सांगावे लागते.

इथेच मी तीन आठवडे घालवले. स्फटिकाच्या सममितीमुळे काही ठिपके एकमेकांचे जुळे असतात. त्यांची तीव्रता जवळजवळ सारखी हवी. चांगल्या मोजणीत फरक पाच-दहा टक्के. माझा पन्नासच्या वर! संगणकाची तक्रार नव्हती. त्याने आखलेली वर्तुळे ठिपक्यांवर नेमकी बसत होती. मी स्फटिकाला दोष दिला, सममिती कमी मानून पाहिली. आकडा हटेना.

सोडवले ते बर्फाने. स्फटिक उणे १७३ अंशांवर ठेवतात; काळजी घेतली नाही तर भोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो आणि चित्रात कडी उमटतात. एरवी आम्ही त्यांना शिव्याच देतो. पण कड्याला मध्य असतोच की! तो काढला, तर मी दिलेल्या मध्यापासून जेमतेम मिलिमीटरभर दूर. ठिपक्या-ठिपक्यांतले अंतरही तेवढेच. चाळीत पहिली खोली चुकली की पोस्टमन प्रत्येक पत्र शेजाऱ्याकडे टाकतो, तसे झाले होते. दुरुस्तीनंतर डिटेक्टर सरकला होता, फाइलीत आकडा जुनाच. तो बदलताच फरक सातवर आला.

माझे गेले ते तीन आठवडे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या जेफ्री चांग यांचे पाच निबंध गेले. जुळ्या ठिपक्यांतल्या अतिसूक्ष्म फरकांवरून रेणूची डावी-उजवी बाजू ठरते. त्यांच्याकडे वापरात असलेल्या घरगुती प्रोग्रॅममध्ये त्या फरकांचे चिन्ह उलटे पडत होते. पेशीतून पदार्थ बाहेर फेकणाऱ्या एमएसबीए या प्रथिनाची २००१ साली छापलेली रचना त्यामुळे चुकली. चित्र साडेचार अँगस्ट्रॉम इतके धूसर, त्यामुळे नजरेलाही खटकले नाही. २००६ मध्ये झुरिचच्या डॉसन आणि लोकर यांनी त्याच कुळातील दुसऱ्या प्रथिनाची रचना छापली, तेव्हा घोळ उघड झाला. तोवर इतरांनी त्या रचनेवर पुढचे काम उभे केले होते.

आता नव्या यंत्रावर मी आधी अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमचा स्फटिक लावतो. त्याची रचना १९६५ पासून माहीत आहे. त्याचे जुळे जुळले, तरच माझा स्फटिक बाहेर निघतो.