उन्हाळ्यात संभाजीनगरला जाताना

शहर: उंची सुमारे 570 मीटर. वाळवंट नव्हे, निमकोरडा प्रदेश. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

सुट्टीचा वार: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. गल्लत होते ती इथेच.

वेरूळ: शहरापासून सुमारे 30 किमी. 34 लेणी: बौद्ध, हिंदू, जैन. लेण्यांचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळी सावली, दुपारनंतर थेट ऊन. कैलास (क्र. 16) एकाच कातळात वरून खाली कोरलेलं. त्याचं प्रांगण उघडं, दगड तापतो. पायांत मोजे असलेले बरे.

अजिंठा: सुमारे 100 किमी. वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात 30 लेणी. खासगी वाहनं फर्दापूर टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बस. दोन्ही लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत.

दौलताबाद: किल्ल्याचा चढ मोठा, सावली तुरळक. उन्हं चढण्याआधी उतरावं. अंधाऱ्या वाटेसाठी बॅटरी हवी.

पाणचक्की: डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलेलं.

म्हैसमाळ: जवळचं थंड हवेचं ठिकाण, खुलताबादच्या पुढे. उंची हजार मीटरच्या आसपास.